तुझ्या बाजूने कोण

रोटोटुना, हॅमिल्टन
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घडलं ते असं:

१. शनिवार, १२ जुलै. दुपारी दोन वाजता पोलिसांनी बावीस वर्षांच्या एका माओरी तरुणाला आमच्या मनोरुग्ण विभागात आणलं. तो तीन रात्री झोपला नव्हता.
२. त्याच्याबरोबर घरची नऊ माणसं होती. नियम दोघांचा आहे. मी सात जणांना बाहेर जायला सांगितलं.
३. ती गेल्यावर तो मोठ्याने ओरडू लागला. कोणाला हात लावला नाही.
४. दोन वाजून पन्नास मिनिटांनी मी त्याला एकांत खोलीत ठेवण्याच्या कागदावर सही केली. बाहेरून कुलूप, आत गादी, दुसरं काही नाही.
५. तो आत सहा तास दहा मिनिटं होता.
६. रविवार, १३ जुलै. त्याच वयाचा, त्याच आजाराचा एक गोरा तरुण आला. त्याने खुर्ची मोडली. मी त्याला चहा दिला आणि चाळीस मिनिटं त्याच्याशी बोलत बसले. कुलूप लागलं नाही.
७. मंगळवारी दोघांच्या नोंदींचे कागद मी शेजारी शेजारी ठेवले.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. परेशदादाला मेल करते, तो छापून देईल.

दोन वर्षं मी याच विषयावर काम करते आहे, हे तुम्हाला माहीत आहे. इथले मूळ रहिवासी माओरी, आमच्या भागात चार माणसांत एक. आमच्या एकांत खोलीत गेलेल्या दहांत सहा माओरी. आजार तोच, वागणं तेच, दार मात्र त्यांच्यावर आधी लागतं. तीन परिषदांमध्ये मी हे तक्त्यांसह मांडलं. त्या तक्त्यांतले डॉक्टर माझ्या मनात दुसरे कोणीतरी होते. मी बाहेरून आलेली, रंगाने सावळी. हा दोष माझा नसणार असं धरून चालले. तपासलं नव्हतं.

१९ तारखेला रुग्णालयाच्या समितीपुढे माझा प्रस्ताव आहे: कुलूप लावण्याआधी घरच्यांना आत बोलवायचं, कितीही असोत, आणि निदान एक तास द्यायचा. तो नाकारला गेला तर वर्षभर पुन्हा मांडता येणार नाही. माझीच सही त्या कागदावर असताना तो कसा मांडावा, हे तुम्हाला विचारते आहे.

इथे थंडी आहे, हीटर चालू आहे, जेवते आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच दिली.

तुमची,
सुखदा


पुणे
९ ऑगस्ट २०२५

चि. सुखदास,
अनेक आशीर्वाद.

परेशने पत्र छापलं आणि देताना म्हणाला की काका, हे पत्र आहे की पंचनामा. मी त्याला सांगितलं, निरीक्षकाची मुलगी आहे, वाण लागणारच. तरी तीन प्रश्नांत चौथा राहिला. तूप संपलं का?

आता कामाचं. तू लहान असताना मी शिरूर भागात वजनमाप निरीक्षक होतो, ते तुला अंधुक आठवत असेल. एकदा मी आठवडी बाजारात चौदा तराजू खोटे ठरवून जप्त केले. दुकानदारांची नावं फळ्यावर लावली. वीस दिवसांनी आमची सरकारी वजनं तपासणीला गेली, तेव्हा कळलं की माझ्याच पेटीतलं पाच किलोचं वजन बुडाशी टवका उडून हलकं झालं होतं. दर वर्षी आधी आपली पेटी तपासायची, मग दुसऱ्याचा तराजू, असा नियमच होता. त्या वर्षी घाईत मी क्रम उलटा केला.

साहेब म्हणाले, जप्ती गुपचूप मागे घे, विषय संपला. मी चौदाही दुकानांत गेलो. हे तुला पूर्वी सांगितलं आहे. सांगितलं नाही ते असं, की तुझी आई बरोबर होती. स्कूटरवर मागे बसून आली. दुकानात एक शब्द बोलली नाही, नुसती शेजारी उभी राहायची. ती नसती तर चौथ्या दुकानावरून मी परत फिरलो असतो. तेराव्याने चहा पाजला. चौदावा शेवटपर्यंत बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्यानंतर बाजारात माझ्या शिक्क्यावर कोणी शंका घेतली नाही. तेव्हा तुझी पेटी आधी उघड. समितीला आधी तुझं वजन दाखव, मग बाकीच्यांचे तराजू.

कानातलं यंत्र दुरुस्तीला दिलं आहे. शांतता बरी वाटते.

तुझ्या पुढच्या पंचनाम्याची वाट पाहणारा,
बाबा


रोटोटुना
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पेटी उघडली. चार वर्षांत एकांत खोलीच्या कागदांवर माझ्या ३८ सह्या आहेत. त्यांतली चोवीस माणसं माओरी. म्हणजे मी विभागाच्या सरासरीपेक्षा किंचित वाईट आहे. दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत तपासलं. फरक पडत नाही.

अहवालात बाकीच्या डॉक्टरांना नावांऐवजी अक्षरं दिली, माझ्या ओळीत माझं पूर्ण नाव घातलं. विभागप्रमुखांनी, ते भले गृहस्थ आहेत, सुचवलं की नावाची गरज नाही, उगीच वादळ होईल. मी त्यांना शिरूरबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं की ते वजन पुढे कुठे गेलं. मला माहीत नव्हतं. कळवा.

समितीत अडीच तास चर्चा झाली. एकाने मला विचारलं, तुम्ही स्वतः असं वागलात तर तुमच्यावर विश्वास का ठेवावा. मी म्हटलं, ठेवू नका, मोजा. तीन महिन्यांसाठी परवानगी मिळाली. २५ ऑगस्टपासून सुरू आहे. कॉन्फरन्सच्या खोलीतून टेबलं काढली, गाद्या आणि किटली ठेवली. माओरी लोक घरच्या सगळ्या गोतावळ्याला फानाउ म्हणतात. त्यांची आजी, काका, चुलत भावंडं येऊन बसतात, प्रार्थना करतात, गातात. आपल्याकडे इस्पितळाच्या जिन्यात डबे घेऊन बसायचो तसंच, फक्त सुरात. पहिल्या तीन आठवड्यांत खोलीला कुलूप दोनदा लागलं. त्याआधीच्या तीन आठवड्यांत अकरा वेळा. आकडा लहान आहे, निष्कर्ष काढत नाही. पण नर्सेस घरी वेळेवर जातात.

त्या पहिल्या तरुणाला मी माफीचं पत्र लिहिलं होतं. तो आता बरा आहे, ‘ते रापा’ नावाच्या उपनगरातल्या दुधाच्या कारखान्यात परत कामावर जातो. पत्र पाठवण्याआधी आमच्या विभागातल्या माओरी सल्लागार बाईंना दाखवलं. त्यांनी ते वाचून घडी घातली, मला परत दिलं आणि सांगितलं की पत्र चांगलं आहे, पण अशा गोष्टी टपालाने जात नाहीत. जाऊन समोर उभं राहावं लागतं. त्याच्या मावशीला फोन केला. तिने १५ नोव्हेंबर दिला, त्यांच्या माराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभाघरी. मी जाणार आहे.

तूप आहे.

तुमची,
सुखदा


पुणे
१८ सप्टेंबर २०२५

चि. सुखदास,
अनेक आशीर्वाद.

ठेवू नका, मोजा, हे वाक्य परेशला तीनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, एकदाच पुरे होतं. तुझ्या विभागप्रमुखांना सांग, ते वजन माझ्याकडेच आहे. रद्द झाल्यावर मागून घेतलं. तुझी आई त्याखाली लोणच्याची फडकी दाबून ठेवायची.

तू भेटीचा वार, ठिकाण सगळं लिहिलंस. बरोबर कोण, ते लिहिलं नाहीस. राहून गेलं असं मला वाटत नाही, तुझ्याकडून काही राहून जात नाही. आई गेल्यापासून तू मला दोनदा बोलावलंस आणि दोनदा मी नाही म्हणालो. तिथे येऊन मी काय करणार, खिडकीतून मेंढ्या मोजणार? तुमच्या भागात पुण्याचे आजोबा संध्याकाळी कानटोप्या घालून रांगेने फिरतात म्हणे. त्या रांगेत एक कमी असला तर बिघडत नाही.

यंत्र दुरुस्त झालं. आता परेशचं घोरणं ऐकू येतं.

तुझ्या खुशालीसाठी कान टवकारून बसलेला,
बाबा


रोटोटुना
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

राहून गेलं नव्हतं.

मावशीने फोनवर विचारलं होतं की तुझ्या बाजूने कोण येणार. मी रुग्णालयातल्या सहा जणांची नावं सांगितली. ती म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत छानच, सगळ्यांना आण. पण ती रुग्णालयाची माणसं, तुझी कोण? त्यांच्याकडे असं एकट्याने दारात येत नाहीत. घरचं वडील माणूस पुढे असतं, मागे बाकीचे. तिने ते ताणलं नाही. एवढंच म्हणाली की त्या दिवशी तू आमच्या मुलाची माणसं बाहेर काढलीस, म्हणून विचारते. तुला आम्ही एकटीला उभं करणार नाही.

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुम्ही तिसऱ्यांदा नाही म्हणाल असं वाटलं. हेही तपासलं नव्हतं.

मेंढ्या मोजायच्या नाहीत. कानटोप्यांच्या रांगेतही जायचं नाही. माझी माफी मी मागेन, ती माझी आहे. तुम्ही फक्त शेजारी बसायचं. आमच्या बाजूचं भाषण सल्लागार बाईंचे थोरले भाऊ करतील. भाषण झालं की त्या बाजूने एक गाणं म्हणावं लागतं. आई सकाळी दूध तापवताना जे म्हणायची ते मला पहिल्या कडव्यापर्यंत येतं. दुसरं तुम्हाला येतं. सूर दोघांचाही वाईट आहे. मावशीला तशी कल्पना दिली आहे.

व्हिसाचा अर्ज भरून ठेवला आहे, तुमची सही बाकी आहे. व्हिसाला साधारण पाच आठवडे लागतात. विमान ८ नोव्हेंबरचं पाहिलं आहे, जागा २९ तारखेपर्यंतच धरून ठेवता येते. यंत्राच्या बॅटऱ्या जास्तीच्या आणा. ते पाच किलोचं वजनही आणा, सामानात बसेल. मावशीला शिरूरबद्दल सांगितलं, तिला ते हातात घेऊन पाहायचं आहे.

येता की नाही, ते मला रविवार, २८ सप्टेंबरपर्यंत कळवा.

तुमची,
सुखदा