आधी बोटं बघ

४ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परदेशातलं हे गाव मुकं आहे असं मी मागे लिहिलं होतं. ते शब्द मागे घेते. आठ महिने इथे लोकांचे दात घडवतेय, पण कुणी हवापाण्यापलीकडे बोललं नव्हतं. परवा म्हाताऱ्या न्हाव्याची कवळी पोचवायला गेले, तर दुकान बंद. शेजारणीने पोस्टामागच्या गोदामात पाठवलं. आत पोस्टातली बाई तलवार घेऊन उभी, औषधवाला तिच्या पाया पडतोय, आणि आमचा न्हावी बोळक्या तोंडाने राजा झालेला. दर हिवाळ्यात हे लोक नाटक बसवतात म्हणे. दुकानात चार शब्द न बोलणारी माणसं तिथे पानंच्या पानं बोलत होती.

कवळी बसल्यावर राजाने विचारलं, आमची भाषा वाचता येते का. त्यांची प्रॉम्प्टर आजारी आहे. तीस वर्षं विंगेत पुस्तक धरून उभं राहिलेल्या माणसाची मुलगी नाही कशी म्हणणार? पण पहिल्याच दिवशी माती खाल्ली. औषधवाला मध्येच थांबला, मी वाक्य पुरवलं. तो विसरला नव्हता, मुद्दाम गप्प होता. आता परत जायला तोंड नाही.

आई गेल्यापासून विचारलं की तुम्ही 'मजेत आहे' एवढंच म्हणता. त्याची मला धास्ती वाटते. या वेळी कमी लिहा, पण खरं लिहा.

तुमची,
भिंगरी

१९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बोळका राजा वाचून एकटाच इतका हसलो की शेजारचे डोकावून गेले. तालमीला जायचंच. माझ्या हातूनही हे झालंय. तुझी आई नायिका होती, तिच्या गप्प बसण्यात मी वाक्य घुसडलं. मध्यंतरात तिने सुनावलं, की पुस्तकात काय बघता, माझ्याकडे बघा. तेव्हापासून मी आधी बोटं बघायचो. मुद्दाम थांबलेल्या नटाची बोटं सैल असतात. विसरलेला काहीतरी घट्ट धरतो, पदर म्हण, खुर्चीचा हात म्हण. त्याला पहिले दोनच शब्द दे. पुढचं त्याचं त्याला सापडतं.

इकडे सगळं ठीक. जेवतो, फिरतो, मजेत आहे.

आशीर्वाद आहेतच, उत्तराचा आळस नको.
बाबा

२ नोव्हेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

बोटांनी लाज राखली. काल राजाने सिंहासन घट्ट धरलं, मी दोन शब्द दिले आणि गाडी रुळावर आली. आज औषधवाल्याने भर दुकानात मला नावाने हाक मारली. वेड्यासारखा आनंद झाला.

आता रविवारच्या फोनचं. आईचा विषय निघाला आणि तुम्ही गप्प झालात. एरवी मी घाईने दुसरं काहीतरी काढते. या वेळी फोनच्या पडद्यावर तुमची बोटं बघितली. आईच्या चष्म्याचं घर घट्ट धरलं होतंत. बाबा, 'मजेत आहे' हे तुमचं वाक्य नाही. तुमचं मी देते, पहिले दोनच शब्द: 'मला एकटं'.

डिसेंबरात प्रयोग आहे. विंगेत माझ्याशेजारी एक खुर्ची मागून ठेवलीय.

लोभ आहेच, थोडं ऐकतही जा.
भिंगरी

१६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मला एकटं वाटतं. फार वाटतं.

पासपोर्ट कुठे असतो ते तुझ्या आईलाच ठाऊक. दोन दिवस कपाटं उपसली, शेवटी तिच्या साड्यांखाली सापडला. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

बाबा