आठव्यांदा डमी

३ मार्च, सोमवार

मिळाली! दादाला आठव्यांदा उमेदवारी मिळाली. सकाळी पक्षाच्या कार्यालयातून फोन आला आणि दहा मिनिटांत त्याच्या दारात ही गर्दी! वहिनींनी चहाची चार पातेली उतरवली. चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा.

मला फोन आला तो दुपारी. “डमीकाका, फोटो जुनाच चालवायचा की नवा काढताय?” म्हणजे यंदाही मी आहेच. दादाच्या अर्जात काही खोट निघालीच तर आपला माणूस रिंगणात असावा, म्हणून सोबत दुसरा अर्ज भरतात. तो माझा. दादाचा अर्ज मंजूर झाला की मी माझा मागे घेतो. सात निवडणुका लढलो म्हणायचं, प्रत्येक वेळी चार दिवस! चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय, पण गाव मला ओळखतं डमीकाका म्हणूनच. बायको म्हणते, “कशानं का होईना, ओळखतात ना!”

दादा त्र्याहत्तरचा, मी सदुसष्टचा.

५ मार्च, बुधवार

पत्रक छापायचंय. दादाची कारकीर्द लिहून देण्याचं काम माझ्याकडे — आकडे माझ्याच डोक्यात असतात म्हणून. बसलो लिहायला. पहिली निवडणूक ६१२ मतांनी जिंकली. दुसरी नऊ हजारांनी, तिसरी अकरा हजारांनी. चौथी हरला, २१२ मतांनी. पाचवीला परत आला, चौदा महिने मंत्रीही झाला. सहावी सोळा हजारांनी. सातवी कशीबशी, १९०३ मतांनी. सात लढती, सहा विजय. नदीवरचा पूल त्याचा, इस्पितळ त्याचं, मुलींचं वसतिगृह त्याचं. लिहिताना ऊर भरून येतो, खोटं का बोला!

मग सभागृहात विचारलेले प्रश्न. पहिल्या वेळी दोनशे अठरा. गेल्या पाच वर्षांत तीन. त्यातले दोन एकच — महिन्याभरानं तोच प्रश्न पुन्हा विचारला होता. तो भाग पत्रकातून गाळला.

हरला ती पाच वर्षं गाळता येत नाहीत. खरं तर आमच्या घरातली तीच सगळ्यात चांगली वर्षं. रोज दुपारी दुकानात येऊन बसायचा, बॉबिनवर दोरा भरून द्यायचा, माझ्या गिऱ्हाइकांना राजकारण सोडून जगातलं सगळं सांगायचा. पण हे पत्रकात कुठं लिहिणार?

६ मार्च, गुरुवार

आज पहिली सभा. मी नेहमीसारखा त्याच्या मागच्या खुर्चीत. माझं खरं काम तेच — समोरून येणाऱ्याचं नाव त्याच्या कानात सांगायचं. पूर्वी हे गंमत म्हणून करायचो, अलीकडे गरज म्हणून.

बेकरीवाला हार घेऊन आला. पहिल्या निवडणुकीपासूनचा माणूस, दादासाठी डोकं फोडून घेतलेला. मी नाव सांगितलं नाही — त्याचं कशाला सांगायचं? दादा त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “या या, वाघा!” बेकरीवाला खूश. मला मात्र कळलं, दादाला नाव आठवलंच नाही.

आणि मग भाषण! “मला निवडून द्या, या नदीवर पूल बांधतो.” लोक एकमेकांकडे बघायला लागले. पूल बांधून वीस वर्षं झाली. अर्धी माणसं त्यावरूनच सभेला आली होती. मी मोठ्यानं हसलो. अगदी मांडीवर थाप मारून. मग सगळे हसले, टाळ्या पडल्या. त्यांना विनोद वाटला. दादाही हसला. पण त्यानं वळून माझ्याकडे जे बघितलं, ते मला बघवलं नाही.

८ मार्च, शनिवार

वहिनी दुकानात आल्या. मशीन घेऊन आल्या होत्या, पण बिघाड काहीच नव्हता. म्हणाल्या, “भावोजी, परवा पूल झाला. उद्या सभागृहात काय होईल? लोक एकदा हसतील, दुसऱ्यांदा हसतील, तिसऱ्यांदा कीव करतील. पस्तीस वर्षांचं नाव आहे हो.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“दगदग बंद करा म्हणतात. ह्यांना सांगणार कोण? माझं ऐकतील? तुम्ही सांगा.”

सांगतो म्हणालो. संध्याकाळी गेलोही. दादा पत्रक वाचत होता. “अकरा हजारांनी काय रे तिसरी?” म्हणाला, तेही लहान मुलासारखा खूश होऊन. मशीनबद्दल काहीतरी बोलून परत आलो. शेळपट! सदुसष्ट वर्षांत मी दादाला एकदाही नाही म्हटलेलं नाही. ‘नाही’ हा शब्द त्याच्यासमोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

१० मार्च, सोमवार

आज अर्ज भरले. शेवटचा दिवस, शेवटचा तास — दादाची जुनी रीत. बाहेर ढोल, आत घामाघूम.

जे झालं ते इथंच लिहितो. दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही.

सह्या घ्यायचं काम पहिल्यापासून माझं. दादा सही करत जातो, मी पान उलटतो, सहीच्या जागी बोट ठेवतो — “दादा, इथे.” पुढचं पान — “दादा, इथे.” आज तो थकला होता. दोनदा सही वाकडी गेली. शेवटचं पान आलं, शपथपत्राचं. मी उलटलं. बोट ठेवलं नाही. ठरवून नाही, देवाशपथ! हात उचललाच नाही. मी माझ्या अर्जात डोकं घातलं आणि उगाच पानं चाळत बसलो. तिरक्या नजरेला दिसलं, सहीची जागा कोरीच राहिली. मान वर केली तेव्हा गठ्ठा बांधून झाला होता.

खिडकीवरच्या कारकुनानं पानं मोजली, शिक्का मारला. पानं तो मोजतो, सह्या छाननीत बघतात. अडीच वाजले होते. तीन वाजेपर्यंत नुसतं “अरे, एक सही राहिली” म्हटलं असतं तरी पुरे होतं. घड्याळाकडे बघत उभा राहिलो. तीन वाजले.

११ मार्च, मंगळवार

दिवसभरात एक मशीन उघडलं आणि तसंच बंद केलं. बायको म्हणाली, “ताप आहे का?”

१२ मार्च, बुधवार

छाननी. दादाचा अर्ज बाद!

अधिकारी भला माणूस. तीनदा पान उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, “साहेब, शपथपत्रावर सहीच नाही. माझा नाइलाज आहे.” आमच्या वकिलानं जमेल तेवढा आरडाओरडा केला. दादानं पान मागून घेतलं, बघितलं, चष्मा खिशात ठेवला. “चूक माझीच,” म्हणाला. आवाज शांत. मी तिथंच पाय धरणार होतो त्याचे. पण जमलं नाही.

बेकरीवाला रडला. मला म्हणाला, “डमीकाका, तुम्ही बघितलं नाही?” राहून गेलं म्हणालो.

आणि तरीही — लाज वाटते लिहायला — जीव भांड्यात पडला! सुटला दादा. आता कुणी त्याला हसणार नाही, कुणी कीव करणार नाही. सहा विजय ते सहा विजय! घरी परतायचं म्हणून जिना उतरायला लागलो, तर मागून अधिकाऱ्याचा आवाज. माझं नाव. “...यांचा अर्ज वैध.”

पायऱ्यांवरच बसलो. सात वेळा डमी राहिलो, आणि डमी कशासाठी असतो हेच विसरलो! दादाच्या अर्जात खोट निघाली तर डमी उभा राहतो. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. माझ्या अर्जात मात्र काना-मात्रेचीसुद्धा चूक नाही. स्वतःच तपासला होता ना!

१३ मार्च, गुरुवार

दुकानात पक्षाची रांग. बायको पोट धरून हसते आहे. “भाषण करणार तुम्ही? गिऱ्हाइकाला बिल सांगताना तुम्ही तोतरे होता!”

वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “काल हे नऊ तास झोपले, भावोजी. सकाळी उठून झाडांना पाणी घातलं.” मग म्हणाल्या, “सही राहिली ते बरं झालं. कुणाला सांगू नका, मी असं म्हणाले ते.” फोन ठेवून मी परवा बंद केलेलं मशीन पुन्हा उघडलं. हलकं हलकं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. कागद भरून खिशात ठेवला. दुपारी दोनला निघालो, तर दादा निवडणूक कार्यालयाच्या दारात उभा!

“मागे घेऊ नकोस, धाकट्या.”

“दादा, मला जमणार नाही.” म्हणालो! मीच म्हणालो! त्याच्या तोंडावर, पहिल्यांदा!

तो हसायला लागला. “तुला जिंकायला कोण सांगतंय? ही एवढी माणसं पस्तीस वर्षं माझ्यामागे धावली. त्यांना असं वाऱ्यावर सोडायचं? त्यांना मत द्यायला एक नाव हवं, तेवढं दे. आणि पडलास तर पड. पडल्यावर किती बरं वाटतं ते तुला माहीत नाही. मी एकदा पडलोय.”

तीन वाजले. कागद अजून खिशातच आहे.

२० मार्च, गुरुवार

भाषण केलं. चार वाक्यं. पाचवं आठवेना, म्हणून खरं ते बोललो : “मी डमी आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. निवडून आलो तरी डमीच राहीन.” लोक हसून हसून लोळले. पक्षाचे लोक कपाळाला हात लावून बसले. समोरच्या डॉक्टरीणबाई — दादाविरुद्ध गेल्या वेळी एकोणीसशेंनी पडलेल्या — त्यांच्या सभेत म्हणाल्या म्हणे, की इतका प्रामाणिक विरोधक मला पहिल्यांदाच मिळाला.

दादा मागच्या रांगेत शेंगदाणे खात बसलेला. बेकरीवाला शेजारी जाऊन बसला. दादानं त्याच्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, “नाव काय रे तुझं? हल्ली विसरतो मी.” त्यानं सांगितलं. “असू दे,” दादा म्हणाला, “चेहरा तर तोच आहे ना!” दोघंही एकाच पुडीतले शेंगदाणे खात बसले. उमेदवार नसलेल्या माणसाला विसरायची मुभा असते. मला रडू आलं. लोकांना वाटलं, भाषणानं भारावलो.

२५ मार्च, मंगळवार

दादाला खरं सांगायचं, असं रोज ठरवतो. आजही ठरवलं. तो वहिनींबरोबर फिरायला गेला होता.

३० मार्च, रविवार

मतदान. मत दिलं. कुणाला, ते या पानालाही सांगणार नाही!

२ एप्रिल, बुधवार

पडलो! पडलो! पडलो! ८७६४ मतांनी!

पण त्याआधी काय हाल झाले ते लिहू दे. पहिल्या फेरीत मी चारशेंनी पुढे. दुसऱ्या फेरीत नऊशेंनी पुढे! आमचे लोक नाचायला लागले, मी कोपऱ्यातली खुर्ची शोधली. बायकोचा फोन — “अहो, आता काय हो? राजधानीत राहायला जायचं का?” तिसऱ्या फेरीत डॉक्टरीणबाईंच्या भागातल्या पेट्या उघडल्या. आघाडी घटली. चौथीत मागे. पाचवीत आणखी मागे. बाकीचे हिरमुसले, माझ्या चेहऱ्यावर रंग परत आला. बेकरीवाला माझी पाठ थोपटून म्हणाला, “खचू नका, डमीकाका.” मी मान खाली घालून हो म्हणालो. हसू दिसेल अशी भीती!

डॉक्टरीणबाई संध्याकाळी दादाकडे आल्या. इस्पितळात अजून काय काय हवं, ते विचारलं त्यांनी. दादा तासभर बोलला. एकही गोष्ट चुकला नाही — जुनं सगळं त्याला लख्ख आठवतं. जाताना त्या त्याच्या पाया पडल्या.

आठव्या लढतीतला पराभव माझ्या नावावर. दादाचा हिशेब सहाला एक, तसाच शाबूत. हुश्श!

४ एप्रिल, शुक्रवार

आज सांगून टाकलं. दादा दुकानात येऊन बसला होता, वहिनींच्या मशीनचा पट्टा घेऊन. म्हणालो, “दादा, त्या दिवशी शेवटच्या पानावर सही राहिली, ते मी बघितलं होतं. मुद्दाम बोललो नाही.”

त्यानं पट्टा खाली ठेवला.

“मीपण बघितलं होतं. पेन हातातच होतं. तू ‘दादा, इथे’ म्हणशील म्हणून वाट बघत होतो. म्हणाला असतास तर केली असती.”

“मग?”

“तू म्हणाला नाहीस. मग मी पेनाला टोपण लावलं.”