ड्रायव्हरला बोलवा

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. भागवत यास,

आईचे भरभरून आशीर्वाद. चि. सौ. मनिषाला तेच, आणि अर्पिताला दोन्ही गालांवर एकेक पापा. इकडे सगळं खुशाल आहे. तुरी खळ्यावर आल्यात, ज्वारी हुरड्याला आलीय, माझे गुडघे थंडीनं कुरकुरतात पण काम अडवत नाहीत.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला अर्ध्यात तोडतोस. "आई, मीटिंगमध्ये हाय, मुद्द्याचं बोल." माझ्या बोलण्यात मुद्दा शेवटी येतो, तोवर तुझा फोन बंद झालेला असतो. म्हणून गावाकडच्या सामानात हे पत्र घालून पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती देते. एकच मागणं आहे. आपली व्हॅन विकत घ्यायला परळीचा जो माणूस येणार आहे, त्याला हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय शब्द देऊ नकोस. पूर्ण म्हणजे पूर्ण. मध्येच चष्मा काढून "बघ, आई काय करायलीय" असं मनिषाला म्हणू नकोस.

तर झालं असं की, मागच्या गुरुवारी परभणीत आपल्या गाडीला कुलूप लागलं. दाराला नाही, चाकाला.

भिंतीपलीकडच्या सरजाबाईची सून राजेश्री पोटुशी आहे, हे तुला माहीत आहे. तिला परभणीच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. एस.टी.त हिसके बसतात, उभं राहावं लागतं, म्हणून आपली व्हॅन काढली. कोणी काढली ते पुढं येईल. नेहमीसारखी गावातल्या बालाजीनं चालवली असेल असं तू समजशील, तर सध्या तसं समज. गाडी नीट गेली, कुठं घासली नाही, एवढं धरून चाल.

दवाखान्याशेजारी एक मोकळी जागा आहे. तिथं गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या रांगेत आपलीही लावण्यात आली. आम्ही राजेश्रीला उतरवतोय तोवर एक मिशीवाला गडी आला. गळ्यात शिट्टी, सदऱ्यावर नाव शिवलेलं, हरिओम. त्यानं एक पिवळा लोखंडी चिमटा आणला, पुढच्या चाकाला आवळला आणि त्याला कुलूप घातलं.

"काय करायलास रे बाबा?" सरजाबाईनं विचारलं.

"लॉक लावायलोय, मावशी."

सरजाबाई लय खूश झाली. "बघा अक्का, शहरात किती सोय हाय. आपल्याकडं दावणीचा बैल सोडून नेला तरी कुणी इचारीना, आन् हितं चाकाला कुलूप लावून राखण करायलेत." तिनं तिथंच गाठोडं सोडलं, धपाट्यावर ठेचा ठेवला आणि त्याच्या हातात दिला. "खा बाबा. नजर ठिव गाडीवर."

तो काहीतरी सांगायला गेला, पण हातात धपाटं आल्यावर माणूस काय सांगणार. खरं सांगते, मलाही राखणच वाटली. दवाखान्याच्या पायरीवरून मी वळून बघितलं तर ते पिवळंधमक कुलूप उन्हात चमकत होतं, आणि माझा जीव निवांत झाला.

डॉक्टरीणबाई चांगली होती. बाळ ठीक आहे म्हणाली, राजेश्रीचं रक्त तेवढं कमी आहे. बाहेर आलो तेव्हा पोरीला गरगरत होतं. तिला मागच्या सीटवर आडवी केली आणि हरिओमला म्हटलं, "काढ बाबा आता. लय उपकार झाले."

तो खाली बघायला लागला. "अक्का, आधी हापिसात दंड भरावा लागतो."

"कशाचा दंड?"

"पावती न घेता गाडी लावली म्हणून. बोर्ड हाय की तिथं."

त्यानं बोट केलं तिकडं बघितलं तर कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. मधे भाऊ हात जोडून, भोवतीनं कार्यकर्त्यांची डोकी. फ्लेक्सच्या खालून बोर्डाचे दोन लोखंडी पाय तेवढे दिसत होते. कुठल्याशा कंपनीनं ती जागा ठेक्यानं घेतलीय, आणि त्यांचा बोर्ड भाऊंच्या मागं उभा.

सरजाबाई म्हणाली, "हितं तर वाढदिवस हाय. आमी शुभेच्छा द्याव्या का दंड भरावा?"

हरिओमला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. तशी सरजाबाई पुढं सरकली. "माझं धपाटं दे वापस."

"मावशी, खाल्लं."

"राखणीचं म्हणून दिलतं. आमच्याच गाडीला बांधून ठिवायला न्हाई दिलं."

तो बिचारा काय करील. कुलूप लावणं हीच त्याची नोकरी, आणि किल्ली मॅनेजरकडं. मी पत्र्याच्या हापिसात गेले. मॅनेजर मोबाईलमध्ये बघत होता. मी फ्लेक्सचं सांगितलं, राजेश्रीचं सांगितलं. त्यानं मान वर न करता म्हटलं, "ड्रायव्हरला बोलवा."

"मीच बोलायलेय की. माझ्याशी बोला."

"मावशी, ज्यानं गाडी लावली त्याच्याशीच आमचं बोलणं. ड्रायव्हरला बोलवा."

"समोर उभा हाय."

त्यानं आता मान वर केली आणि माझ्या पाठीमागं बघितलं. माझ्या पाठीमागं कुणी नव्हतं, भागवत.

आता लिहितेच. लपवून कुठवर लिहू. गाडी मी चालवत नेली होती. राणीसावरगावापासून परभणीपर्यंत, गंगाखेडच्या गर्दीतून, मीच. आता पाणी पी आणि पुढं वाच.

मॅनेजरला पटेना. म्हणाला, "ड्रायव्हर पिऊन पडलाय का कुठं? तुमी कशाला पदराखाली घालायल्यात त्याला?" मी लायसन काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. माझा फोटो लय वाईट आलाय, त्यात त्याची चूक नाही.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजायला लागले. आपली व्हॅन होती रांगेच्या टोकाला, वाटेच्या तोंडाशी. त्यांनीच तिचं चाक बांधलेलं, त्यामुळं मागच्या गाड्यांना बाहेर पडता येईना आणि रस्त्यावरच्यांना आत शिरता येईना. एक काळी लांब मोटार अडकली, दोन ऑटो अडकले, दुधाचा टेम्पो अडकला. आवाज ऐकून चौकातला हवालदार आला.

"ही गाडी कुणी अडकवली?"

"साहेब, हिचा ड्रायव्हर सापडंना," मॅनेजर म्हणाला.

मी लायसन पुढं केलं. हवालदारानं उलटसुलट बघितलं. "कोरं करकरीत दिसतंय, मावशी."

"पहिलाच महिना हाय, साहेब."

तो मॅनेजरकडं वळला. "चाकाला असं कुलूप घालायची परवानगी कुणाची? कागद हाय का?"

"सेठला इचारून सांगतो."

"आन् तुझा बोर्ड कुठाय?"

मॅनेजरनं भाऊंकडं बोट केलं. हवालदारानं फ्लेक्सचा कोपरा उचलला, खाली वाकून मागचं वाचलं आणि कोपरा सोडून दिला. "ह्यांनी भाऊंच्या पोटात डोकं घालून वाचावं का? काढ ते कुलूप. दंडबिंड काही न्हाई. आधी वाट मोकळी कर."

हरिओम तर धावतच किल्ली घेऊन आला. चिमटा निघाला. मी पदर खोचला, तर मॅनेजर अजून बोलतोच. "साहेब, ह्यांच्यानं हितून निघणार न्हाई. मागं खांब हाय, बाजूला मोटार. एखादा गडीमाणूस बसवा."

त्याचं ऐकून तिघं पुढं आले. एकानं तर माझ्या हातातल्या किल्लीकडं हात केला. मी त्याला म्हटलं, "दादा, तुमी माझ्या पोरीच्या बाजूचं दार नीट लावा, तेवढं पुरं."

बसले. किल्ली फिरवली. क्लच लवकर सुटला आणि गाडी एक गचका खाऊन बंद पडली. लोक हसले. मागं राजेश्री पोट धरून उठून बसलेली. तेवढ्यात सरजाबाई बाहेरून कडाडली. "हसायला काय झालं? तुमच्या मायची पहिली भाकर गोल झालती का?"

राजेश्री हळूच म्हणाली, "मावशी, घाई नका करू. मी बरी हाय."

मी परत किल्ली फिरवली. हरिओम मागं जाऊन उभा राहिला, शिट्टी तोंडात. "येऊ द्या अक्का, येऊ द्या. जरा डावीकडं. बस. आता सरळ." खांब आरशातून सरकत गेला, काळी मोटार सरकत गेली, आणि गाडी रस्त्याला लागली. सरजाबाई पळत येऊन बसली, आणि निघताना तिनं खिडकीतून हरिओमला दुसरं धपाटं दिलं. म्हणाली, हे राखणीचं नाही, शिट्टीचं.

भागवत, मला किती आनंद झाला ते कसं लिहू. लग्नात हत्तीवरून मिरवले असते तरी असं वाटलं नसतं. गंगाखेड येईपर्यंत आम्ही तिघी हसत होतो. राजेश्री तर म्हणाली, पोरगी झाली तर तिला चालायच्या आधी स्टेरिंग देते.

शिकवलं धम्मशीलानं, आपल्या उपकेंद्राच्या सिस्टरनं. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या रानात ती संध्याकाळी माझ्या शेजारी बसायची आणि मी या बाजूच्या धुऱ्यापासून त्या बाजूच्या धुऱ्यापर्यंत गाडी न्यायची. बाकी माझं मीच गिरवलं. वाचायला शिकले तेव्हाही असंच, वाण्याच्या पुडीचे कागद लावून लावून. दिवाळीत तू आलास, गाडीवरची धूळ बघून म्हणालास, उभी राहून सडायलीय. ती धूळ मीच आदल्या दिवशी सुपानं तिच्यावर टाकली होती. तू नको म्हणशील म्हणून.

आणि का शिकले, तेही आज लिहिते. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही.

तुझ्या अप्पांच्या छातीत कळ आली ती भर दुपार होती. गाडी अंगणात, टाकी भरलेली, किल्ली खुंटीवर. सगळी माणसं रानात. मी किल्ली घेतली आणि गाडीभोवती नुसती फिरत राहिले. दार उघडलं, बसले, परत उतरले. कुठं काय दाबायचं ते मला माहीत नव्हतं. अप्पा ओसरीवरून बघत होते. तू पुण्याहून फोनवर फोन लावून दुसरी गाडी मिळवत होतास. ती आली, पण उशिरा.

तुला ही व्हॅन बघवत नाही, ते मला कळतं. तू दूर होतास हा तुझा गुन्हा नाही, बाळा. तू म्हणतोस, विकून टाकू, अंगण मोकळं होईल. मला अंगण मोकळं नको. राजेश्रीचे दिवस भरत आलेत. तिला कळा येतील तेव्हा मला गाडीभोवती फिरायचं नाही, गाडीत बसायचं आहे.

परळीच्या माणसाला नाही म्हणून कळव. तुला बोलणं जड वाटत असेल तर नंबर दे, मी बोलते.

संक्रांतीला येशील तेव्हा गंगाखेड स्टेशनावर उतर. ऑटो करू नकोस, बालाजीला फोन करू नकोस. मी बाहेर उभी असेन. मनिषा आणि अर्पिता मागं बसतील. तू पुढं बस, माझ्या शेजारी. मी गिअर टाकताना डोळे मिटू नकोस.

तुझी वाट बघणारी,
तुझी आई
सगुणाबाई