तिसऱ्या खेपेचं चिकन

संजूचे बाबा,

संजूले घेऊन मी खामगावले माह्या बहिणीकडं चालली. सातच्या एस्टीनं येतो. सैपाक आज तुमीच करजा.

कालच्या पाहुण्याइचं चिकन फ्रीजमधल्या मोठ्या पातेल्यात, गंजात आहे. त्याइच्या ताटातलं उष्टं कुत्र्यानंही हुंगून सोडलं, ते उकिरड्यावर टाकजा. गंजातले तुकडे हाडावरून सोडवा. रस्सा घेऊ नका, भरलेली पोळी फुटते. सकाळची पत्ताकोबी-गाजराची भाजी उरली, तीही त्याच्यात परता अन् कोरडी होऊ द्या. कणिक झाकून ठेवली आहे. पुरणासारखं भरा, हलक्या हातानं लाटा, तेल सोडून भाजा.

मी तर त्या गंजाले हात लावणार नाही. पह्यल्या खेपेले पोहे, दुसऱ्या खेपेले पुरणपोळी, तिसऱ्या खेपेले चिकन. त्याइनं तीनदा आपली पोरगी पाह्यली अन् तीनदा ढेकर देऊन गेले. काल त्या पोराचा मामा हाड चोखत म्हणे, पोरीले जरा चालवून दाखवा. बाजारात बैल चालवतात तसं. अन् तुमी त्याले लेग पीस वाढत म्हणले, "चाल बेटा."

संजू रातची उपाशी आहे. तिनं मले एकच विचारलं, "आई, मी चालत होती तवा बाबा कुठं पाहत होते?"

मी म्हणलं, चिकनच्या गंजात.

त्याइचा फोन येईन. तुमीच नाही म्हणजा. अन् संजूची पोळीही तुमीच वाढजा. वाढतांनी तिच्या तोंडाकडं पाहजा, ताटाकडं नाही.