पेट्रा म्हणजे धोंडी

धंतोली, नागपूर
मे १९७६

प्रिय धोंडी,

नाव वाचूनच पत्र फेकू नको वं! आधी पूर्ण वाच, मग फेक. मामींनी आत्ताच वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं आहे, घरभर ओला वास सुटलाय. सगळे झोपलेत आणि मी जागेपणीच स्वप्न पाहून राहिले. स्वप्नात समुद्र आहे. मी तो कधी पाहिला नाही, म्हणून तो आपल्या कुहीच्या धानाच्या बांध्यांसारखाच दिसतो, रोवणीच्या आधी नुसतं पाणीच पाणी भरलेलं असतं ना, तसा. काठावर एक पांढरं गाव आहे आणि तिथली एक बाई तुला हाक मारून राहिली आहे. पण धोंडी म्हणून नाही. कोणत्या नावानं, ते सांगते.

परवा तुझे बाबा, म्हणजे आमचा लहानूदादा, कळमन्याला धान विकायला आले होते. काम आटोपून दादा इकडे आला, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "तुही भाची आडून बसली. धोंडी नावानं नागपूरच्या शाळेत जात नाही म्हणते. नाव बदला, नाही तं मी कुहीलेच राहतो म्हणते." गावातल्या लग्नात त्या वर्ध्याहून आलेल्या पोरी तुला म्हणाल्या ना, "धोंडे, सरक वं, तुह्यावर लुगडं आपटाचं आहे," तेव्हापासून तू जेवताना बोलत नाहीस, हेही त्यानं सांगितलं. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. माझ्या वर्गातल्या मुलींनी माझ्या कौसल्या नावाचं 'कोझी' करून टाकलं होतं, म्हणजे उबदार! नागपूरच्या मे महिन्यात कुणाला उबदार म्हणतात का गं?

आता खरी गंमत ऐक. ज्या शाळेत मी शिकले आणि आता तू येणार आहेस, तिथंच मी आता बालवर्गाला शिकवते. तिथं जर्मनीहून एक नवीन सिस्टर आल्यात. उंच, निळ्या डोळ्यांच्या, चालतात तेव्हा पायांचा आवाजच येत नाही. सिस्टर पेट्रा! काय नाव आहे ना? मोठ्या वर्गातल्या मुली ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघतात, आणि खरं सांगू, मीही म्हणते. शेवटी एकदा मैदानात मी विचारलंच, सिस्टर, याचा अर्थ काय? त्या वाकल्या, कडुनिंबाखालचा एक दगड उचलला, झग्याला पुसला आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हा. हा मी आहे." ग्रीक भाषेत पेट्रा म्हणजे खडक, दगड! मी ओरडलेच, "सिस्टर, आमच्या घरीही एक पेट्रा आहे!" झाडता झाडता तुळसाबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "अजून एक धोंडा आणा बाई, तीन झाले का चूल मांडू." सिस्टरला समजावून सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्या दिवसापासून मला सगळीकडे तूच दिसतेस. पेट्रोल आहे ना, तेही त्याच शब्दातून आलंय, दगडातलं तेल! मामांची स्कूटर सुरू झाली की मी मनात म्हणते, चालली आमची धोंडी. हजारो वर्षांपूर्वी माझ्या स्वप्नातल्या त्या ग्रीक समुद्राकाठी कुणी पायाखाली पाहिलं, पेट्रा म्हटलं, आणि तो शब्द किती बंदरं, किती माणसं ओलांडत आमच्या कडुनिंबाखाली आला. आणि तू तर इथं आधीच बसलेली.

पण फक्त ही गंमत सांगायची असती, तर तू आल्यावरच सांगितली असती. निघताना दादा दारात थांबला आणि त्यानं वहिनीचा, म्हणजे तुझ्या आईचा निरोप दिला, "पोरीले आता खरं सांग म्हणाव. माह्या तोंडून निघत नाही." म्हणून सांगते. तुझ्या आधी तुला एक भाऊ होता, चंद्रहास. मग एक बहीण, फुलवंती. एकुलती एक आत्या म्हणून दोघांच्याही कानात नावं मीच सांगितली होती, फ्रॉक घालून, पाटावर उभी राहून. दोघंही बसायला शिकायच्या आधीच गेली. तुझ्या बारशाला मी 'चांदणी' पाठ करून आले होते. पाळण्यावर वाकले तर वहिनीनं माझी वेणी धरून मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "धोंडी म्हण वं. चांगल्या नावावर साऱ्याइचा डोळा असते. दगडाले कोणी उचलून नेत नाही." कितीतरी दिवसांनी ती बोलली होती. मी म्हटलं. आणि तू राहिलीस, धुऱ्यावरच्या, शेताच्या हद्दीवरच्या दगडासारखी. पाणी येतं, धान येतं, कापून जातं, तो तिथंच. वहिनी अंगणातून तुला हाक मारते ना, ती अजूनही तुला कुणाच्या तरी नजरेपासून लपवून राहिली आहे.

आता तू मोठी झालीस, लपायची गरज नाही. शाळेत धोंडी सांग, पेट्रा सांग, नाही तर तुझी राखून ठेवलेली चांदणी घे. वहिनी म्हणाली आहे, पोरगी म्हणेल ते. शाळा उघडेल त्या सकाळी मी फाटकाशी उभी असेन. सिस्टरकडे जायच्या आधी मी वाकेन, तू माझ्या कानात नाव सांग. या वेळी आत्यानं ऐकायचं.

तुझ्या नावाची वाट पाहणारी, तुझीच
कौसाआत्या