पाच थापांची जागा

११ जानेवारी १९७६
वसंताचं पार्सल आलं. इबादानहून बोटीने, तीन महिने लागले. शर्टात गुंडाळलेली तबकडी, वर चिठ्ठी : "दादा, हे बंजी अदेकोला. योरुबा लोकांचं जुजू संगीत. दर शनिवारी मी यांच्याकडे असतो. तू ऐकच."
ऐकली. एका बाजूला एकच गाणं, अठरा मिनिटं. चार गिटारी, आणि काखेत धरायचा एक ढोल. दोऱ्या दाबल्या की माणसासारखा बोलतो. वाईट नाही. चांगलं म्हणायला जीभ वळत नाही.
धाकटा भाऊ आमच्या बेटावरून नायजेरियात गणित शिकवायला गेलाय. दोन वर्षांत पत्रात गणित एकदाही आलं नाही.

२५ जाने.
बा रोज तूर्न-दिस्कजवळ, तबकडीच्या यंत्राजवळ, खुर्ची ओढून बसतो. तबकडी उलटायला मी. आज शाळेतून आलो, पिशवीही खाली ठेवली नव्हती, तोच हाक. "लाव रे, वसंताचा गाना लाव." वसंताचा! वसंता त्यात औषधालाही नाही.

२९ ऑगस्ट ७६
गणपती गेले. झाकडी छान झाली. मोंतान्य ब्लांश गावची पोरं यंदा मन लावून नाचली. ढोलकीवर मी.
ओळ संपते, रिंगण उलटं फिरायचं असतं, त्याच्या मधे पाच थापा. त्या आमच्या बाच्या. त्या पडल्याशिवाय कुणाचा पाय उलटत नाही. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा बाने गोठ्यामागे बसवून शिकवल्या, बोटांची सालं निघेपर्यंत. वसंताला नाही शिकवल्या. वसंताकडे झांज होती. आता बा वाजवत नाही, नुसता बघतो. आज मान हलवली. वर्षभर पुरेल मला.

६ जून ७७
व.चं पत्र. बंजीच्या मेळात तो आता वाजवतो. काय? तर भोपळा. भोपळ्यावर मण्यांचं जाळं, हलवलं की खुळखुळतं. गणिताचा मास्तर, भोपळा वाजवतो.
पुढे : तिकडे थोरल्या भावाला एग्बॉन म्हणतात, आणि व. बंजीला एग्बॉन म्हणतो. सगळेच म्हणतात, आदराने. सगळ्यांनी म्हणावं. व.ला थोरला भाऊ आधीच होता. लहानपणी व.चा कान दुखला की तेल घालून मीच झोपवलंय त्याला.

७ जून
कालचं वाचलं. चाळीशीच्या माणसाने असं लिहू नये. खोडत नाही.

१९ नोव्हेंबर ७८
नवी तबकडी. मागच्या बाजूला मेळाचा फोटो, डावीकडे शेवटी वसंता. तिकडचा पायघोळ अंगरखा, वर टोपी. बा फोटोवरून बोट फिरवत होता.
आणि गाण्यात बाचं नाव! जुजूवाले गाता गाता ओळखीच्यांची, त्यांच्या घराण्याची नावं गुंफतात, त्यात मोठा मान असतो म्हणे. दुसऱ्या बाजूला मध्यावर स्पष्ट येतं, महादू, महादू, मग काखेतला ढोल तेच परत बोलतो. बाने समोरच्या दुकानातून माणसं बोलावून आणली. तीनदा लावलं. कुणी इथल्या क्रेओल बोलीत वाहवा करत म्हणालं, "की जोली, महादूकाका, आफ्रिकेत नाव गेला तुमचा!"
मी तबकडी शेवटपर्यंत ऐकली. दोन्ही बाजू. आणखी नाव नाही. कशासाठी ऐकली ते माझ्या बायकोला, सुभद्राला, कळलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्या मानसाला तुमचा तोंड ठावा नाय, नि तुमी त्याच्याशी भांडता."
भांडत नाही. ऐकत होतो.

२ सप्टेंबर ७९
बंजीची या वर्षातली तिसरी तबकडी. साखरेचा कारखानासुद्धा वर्षातून काही महिने बंद असतो. शाळेत मुलांना मराठी पाढे. आवाज बसला.

१४ मे ८०
बाची डावी बाजू गेली. जीभ जड. उजवा हात चालतो. डॉक्टर म्हणाला, नशीब. व.ला तार केली. उत्तर आलं, बंजीने मेळासकट प्रार्थना केली म्हणून. बाचं अंग पुसायला मेळ येत नाही. मी पुसतो.

८ मार्च १९८१
व.चं लांब पत्र. बंजीला आमच्या झाकडीची ढोलकी हवी आहे. व.ने त्याला टेबलावर वाजवून दाखवली, तो वेडा झाला म्हणे. नव्या तबकडीत घालायची आहे. "दादा, कॅसेट भरून पाठव. तुझ्यासारखी कुणाची नाही."
आता कशी आठवण झाली.

२२ मार्च
त्रियोलेच्या मेव्हण्याचं टेप मशीन आणलं. मागच्या दारी बसून भरली. अर्धा तास. चांगली झाली, माझ्या तोंडाने सांगतो. फक्त पाच थापा मारल्या नाहीत. ओळ संपली की हात उचलून धरायचा, मनात मोजायचं, पुढचं चालू. प्रत्येक वेळी.
का? माझ्या बाचं आहे. त्याच्याकडे गिटारी आहेत, ढोल आहेत, फोटो आहेत, माझा भाऊ आहे. तेवढं माझ्याकडे राहू दे.
बा आत पडून होता. त्याने ऐकलं असणार. बोलला नाही. बोलता येत नाही हे एका परीने...
पाकीट बंद केलं.

२० जून ८२
आली तबकडी. निळं वेष्टण, बंजी खुर्चीत राजासारखा. पहिल्या बाजूचं गाणं आमच्या झाकडीवर. माझा ठेका, काखेतल्या ढोलावर! मान ताठ झाली होती, लपवत नाही. मग ओळ संपली आणि सगळे थांबले. गिटारी, ढोल, व.चा भोपळा, सगळे. चढणीवर बस बंद पडावी तसे. पाच मोजले आणि पुन्हा चालू. अख्ख्या गाण्यात असं.
हसलो. मोठ्याने. खोट तशीच्या तशी गिरवली शहाण्यांनी! सुभद्राला दोनदा ऐकवली.

२१ जून
आज बासाठी लावली. तो खुर्चीत, मी त्याच्या पायाशी. पहिली ओळ संपली, मेळ थांबला, आणि बाचा उजवा हात उठला. मांडीवर पाच थापा. नेमक्या. मेळ पुन्हा सुरू झाला. पुढची ओळ संपली, पुन्हा हात, पाच. शेवटपर्यंत एकही चुकली नाही. डोळे बंद, तोंड वाकडं, हसत होता.
दोन वर्षं मी त्याच्यासमोर ढोलकी घेऊन बसतो. कधी बोट हललं नाही. त्या माणसाबरोबर वाजवतो.
ऊस उभा आहे, कापणी लांबली. मागे जाऊन उगीच कोयता परजत बसलो.

१५ ऑगस्ट ८२
व.चं पत्र. जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा ते पाकीट काढायला नको :
"कॅसेट ऐकली तेव्हाच मला कळलं, तू बाच्या थापा दिल्या नाहीस. एग्बॉनने विचारलं, इथे काय पडतं? म्हटलं, मला तोंडाने म्हणता येतं, पण ते दादाचं आहे, त्याने दिलं नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, आपल्या ढोलाने भरून टाका. एग्बॉन नाही म्हणाले. म्हणाले, ज्याचं आहे त्याची जागा राहू दे, तो येईल तेव्हा मारील. म्हणून सगळे थांबतो. लोक विचारतात आम्हाला, का थांबता. आम्ही तुझं नाव सांगतो."
ही काय रीत झाली? भांडायचं तर भांडा. चोरायचं तर चोरा, मग मला बोलता तरी येईल. या माणसाच्या मोठेपणानेच माझ्या अंगाची लाही होते. आणि तबकडीवर नाव नसून जागा आहे, हे मी कुणाला सांगू? सांगायचं तर आधी मी काय केलं तेही सांगावं लागेल.
उत्तर लिहिलं नाही.

९ ऑक्टो. ८३
क्वात्र बॉर्नच्या बाजारात फ्रेंच वर्तमानपत्रात बंजी. लंडनच्या कंपनीने घेतलंय, युरोपभर मेळ जाणार. व. शाळेतून रजा काढून जातोय. त्याच फोटोच्या कागदात मिरच्या बांधून आणल्या. घरी येऊन सुभद्राने फोटो सोडवून सरळ केला नि बाला दाखवला.

३ मे ८४
बा गेला. पहाटे. माझ्या हातावर.

२७ मे
व. त्यांच्या दौऱ्यात होता, तार उशिरा मिळाली. आज पत्र आलं. पॅरिसमध्ये, कार्यक्रमात, बंजीने बासाठी उभं राहून अर्धा तास गायलं. मेळाच्या डोळ्यात पाणी, बघणाऱ्यांच्या डोळ्यात पाणी.
चार वर्षं मी बाच्या कुशी बदलल्या. खांदा दिला, अग्नी दिला. दहाव्याला आलेली माणसं मला विचारत होती, वसंताच्या त्या गाणाऱ्याला कळवलं का?

१७ फेब्रुवारी ८५
लंडनच्या कंपनीने बंजीला सोडलं. दोन तबकड्या खपल्या नाहीत. तिकडे त्याच्या देशातसुद्धा आता त्याचे दिवस सरले, व. लिहितो. तरुणांना नवीन गाणं हवं, गिटारी नकोत, नुसते ढोल आणि गळा. मेळातले अर्धे निघून गेले.
दुपारी दोनदा भात घेतला. मग वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला. एवढं भांडण मिटलं तर उरलं काय मला.

१४ सप्टें. ८५
व. आला. अकरा वर्षांनी. विमानतळावर आधी पाया पडला, मग, "दादा, की मान्येर?" म्हणजे, कसा आहेस. केस पिकलेत. त्याच्या तोंडात मराठी अडकते, क्रेओल अडकत नाही, मधे मधे योरुबा शिरते. बाच्या खुर्चीत बसला नाही. जमिनीवर बसला.
सोबत एक लहान टेप मशीन. बंजी पुन्हा तबकडी करतोय, कंपनीशिवाय, राहिलेल्यांना घेऊन. "दादा, गणपतीची झाकडी भरून नेऊ?"
म्हणालो, "भर. झाकडी का माझ्या एकट्याची हाय?"
पाच थापांचं नाव ना त्याने काढलं ना मी. आता मशीनसमोर मारल्या की गेल्या. नाही मारल्या तर पोरं फिरणार नाहीत. चांगला पेच.

१९ सप्टें.
विसर्जन झालं. दुपारी अंगणात झाकडी. व. रिंगणाबाहेर बाकावर, मांडीवर मशीन. मी मनाशी म्हणत होतो, बघ, शेवटी चोरलंच. ओळ संपली. मी मारल्या, पोरं फिरली. माझी नजर व.च्या हातावर. अंगठा बटणावर होता. पुढच्या ओळीला नीट पाहिलं. ओळ संपायच्या आत तो अंगठा दाबतो, थापा पडून गेल्या की पुन्हा चालू करतो. मशीन बंद. प्रत्येक फेरीला. एकदाही उशीर नाही. डोळे मिटून, बाच्यासारखे.
शेवटच्या फेरीला माझाच हात चुकला. पाचऐवजी चार. पोरं धडकली एकमेकांवर, हशा झाला. सुभद्रा म्हणाली, "आता म्हातारं झाला तुमी."

२० सप्टें. ८५
व.चं विमान उद्या दहाला.
सकाळी विचारलं, "का रे बंद करत होतास?"
"तू हो म्हटलं नव्हतंस ना, दादा."
"मागायचं होतंस."
"बे, की पू फेर, काय करणार? बाने मला दिल्या नाहीत, मी तुझ्याकडनं कशा मागू?" मग हसला. "लहानपणी गोठ्यामागे लपून ऐकायचो. रडायचो. तुझा भारी राग यायचा मला, दादा."
एवढी वर्षं मी समजत होतो, जळणारा घरात मी एकटाच.
मशीन टेबलावर ठेवून गेलाय. आत्ता दुपारी पूर्ण टेप ऐकली. ओळ, मग टक्, मग पुढची ओळ. अकरा वेळा टक्. तिथे काय गाळलंय ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मलाच कळतं.
मी सोडून या पाच थापा आता कुणाच्या हातात नाहीत. शाळेतल्या पोरांना सेगाचं नाचगाणं हवं. आणि मागणारा कोण, तर ज्याच्या नावाने नऊ वर्षं माझं जेवण कडू झालं तो. अजूनही होतं. आजही व. बोलता बोलता एग्बॉन म्हणाला आणि मी ताट बाजूला सारलं.
ढोलकी उतरवली. दोऱ्या ताणल्या. पुन्हा सैल केल्या.
व. क्वात्र बॉर्नला बंजीसाठी शर्ट घ्यायला गेलाय, पाचच्या बसने येईल. टेपवर भरायला कुठलं बटण दाबायचं ते सकाळी मला दाखवून गेला. मी विचारलं नव्हतं.