ड्यूटीचे पेढे

मंगळवार, संध्याकाळ. रिसाली, भिलाई.

बाहेरच्या देशातून येणाऱ्या स्वस्त पोलादावर सरकारनं आयात ड्यूटी वाढवली, म्हणून आज आमच्या पोलाद प्लांटच्या गेटवर युनियननं पेढे वाटले. इतके महिने घसा फोडून आम्हीच तर मागून राहिलो होतो. माझ्या वाट्याचा डबा घेऊन मी सरळ भिलाई-३ ले, लेकीकडे गेलो. कावून गेलो? दुसरं घर सुचलंच नाही.

जावयाचं कुलरच्या बॉडी बनवायचं वर्कशॉप घराले लागूनच आहे. तो बाहेरच्या देशातलाच स्वस्त पत्रा वापरते, हे का मले माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी डबा उघडून त्याच्यासमोर धरला. त्यानं एक पेढा उचलून खाल्ला. म्हणाला, "चांगला आहे, मामाजी."

मग हात पुसत बोलला, "पत्र्याचा भाव चढला. दोघा कारागिरायले आज घरी पाठवलं." आवाज चढवला नाही. लेक नुसती डब्याकडे पाहून राहिली होती.

मले राग नाही, लाजही नाही. काहीच वाटून नाही राहिलं. प्लांट वाचला पाहिजे, हे मी उद्याही म्हणीन.

निघताना लेकीनं डबा परत हातात दिला, झाकणावर रबर लावून. घरी येऊन उघडला. एकच पेढा कमी होता.